आज ती गाडी असती तर…

‘आज असती तर…’ असं वाक्य ज्या घरात कधीच कुणी बोललं नाही, असं घर मी तरी पाहिलेलं नाही. आज ती रस्त्याकडेची जमीन असती तर, त्या आजीच्या पाटल्या मोडल्या नसत्या तर, नाक्यावरचा तो गाळा तेव्हा घेऊन ठेवला असता तर… आपण बायका हे बहुधा सोन्यावरून म्हणतो आणि पुरुषमंडळी जागेवरून. पण पुरुषांच्या मनात आणखी एक खास कप्पा असतो. तो गाडीचा! विकून टाकलेल्या गाडीबद्दल पुरुष ज्या हळव्या आवाजात बोलतात, तो आवाज बाकी संसारात फारसा ऐकायला मिळत नाही. खोटं वाटत असेल तर आज रात्री जेवताना विषय काढून बघा.

त्यातही जुन्या स्पोर्ट्स कारची गोष्ट निघाली, की विचारायलाच नको. परदेशात कुठेतरी लिलाव होतो, पेपरात कोट्यवधींचा आकडा छापून येतो आणि मग ‘ही गाडी एके काळी किती स्वस्त मिळायची माहिताय का?’ असं म्हणून उसासे सुरू होतात. आमच्या ह्यांना आणि त्यांच्या मित्रांना या विषयाचा भारी नाद. रविवारी पोहे-चहा करता करता इतकी वर्षं कानावर पडलं, की मीही आता या गाड्यांची नावं-गावं घडाघडा सांगते.

आणि खरं सांगू का, आकडे आहेतच तसे! इंग्लंडची जग्वार ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, तेव्हा तिची किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर होती. तिच्या तोडीच्या दुसऱ्या गाड्यांना याच्या दुप्पट पैसे मोजावे लागत. एमजी कंपनीची एमजीबी १९६२ साली आली. ती तर शिक्षक, कारकून अशा पगारदार माणसालाही झेपावी अशी. १९८०पर्यंत पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेत गेल्या. (आज आपल्या रस्त्यांवर ज्या मोठाल्या एमजी गाड्या दिसतात, त्या हेच नाव लावतात. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची ही आद्याक्षरं आता चिनी कंपनीकडे गेली आहेत आणि २०१९पासून गुजरातेत हालोलला या गाड्या बनतात.) पुढे १९७०च्या सुमारास जपानची डॅटसन २४०झेड अमेरिकेत आली, साधारण साडेतीन हजार डॉलरला. अशीच एक जपून ठेवलेली २४०झेड २०२० साली ३ लाख १० हजार डॉलरला विकली गेली!

या सगळ्यांवर कडी म्हणजे इटलीची फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात अशा जेमतेम ३६ गाड्या बनल्या. नवी असताना अमेरिकेत किंमत १८ हजार डॉलरच्या आसपास. शर्यतीत जुनी झाली की अशी गाडी कोण ठेवणार? त्यातली एक गाडी टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कुलात गेली, मुलांना मोटार दुरुस्ती शिकवायला! शाळेने ती १९७२ साली साडेसहा हजार डॉलरला विकली आणि नंतर कितीतरी वर्षं ती ओहायोत उघड्या रानात, एका ट्रेलरवर ऊन-पाऊस खात पडून होती. तिच्याच एका बहिणीला २०१८च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. आपल्या रुपयांत तेव्हाचे साधारण ३४० कोटी. आता त्या शाळेच्या हेडमास्तरांना काय वाटत असेल, हा प्रश्न आमच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी निघतो.

पण माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. या गाड्या एवढ्या स्वस्तात गेल्या, त्या का गेल्या? विकणारे सगळे काय वेडे होते?

कारणं शोधायला गेलं तर अगदी घरगुती सापडतात. पहिलं कारण गंज. त्या काळचा पत्रा, इंग्लंडचा पाऊस आणि थंड मुलखात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. पाच-सात वर्षांत गाडीचा तळ चाळणीसारखा व्हायचा. दुसरं कारण पेट्रोल. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी पेट्रोल पिणारी गाडी दारात कोण पोसणार? तिसरं कारण सुरक्षा. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने गाड्यांच्या सुरक्षिततेचे नियम आणले, ते पुढे कडक होत गेले, आणि जुन्या गाड्या एकदम जुन्या दिसू लागल्या. ज्या गाड्यांच्या देखणेपणाचं आपण कौतुक करतो, त्या अपघातात माणसाला वाचवण्याच्या बाबतीत अगदीच दुबळ्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या गाड्यांना सीटं असतात दोन! नवरा-बायको बसले की गाडी भरली. घरात तिसरं माणूस आलं, की गाडीला रजा. त्यामुळे जगभरच्या जुन्या जाहिराती चाळल्या तर स्पोर्ट्स कार विकण्याचं कारण एकच असणार, ‘घरात बाळ आलंय’.

हे मी नुसतं कल्पनेने म्हणत नाही. आमचे थोरले भावजी नव्वदच्या दशकात शिकायला मिशिगनला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. तिथे त्यांनी वीस-बावीस वर्षं जुनी एक २४०झेड दोन हजार डॉलरला घेतली. सुट्टीच्या दिवशी गाडीखाली पाठीवर पडून तिची सेवा करायची, हाच त्यांचा विरंगुळा. गंमत म्हणजे जपानात या गाडीचं नाव होतं ‘फेअरलेडी’, ‘माय फेअर लेडी’ या संगीत नाटकावरून ठेवलेलं. अमेरिकेतले डॅटसनचे प्रमुख युताका काटायामा यांना ते नाव स्पोर्ट्स कारला पसंत पडलं नाही, म्हणून तिथे नुसता आकडा लावला. शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘माय फेअर लेडी’ आलं, त्यावरूनच पु.लं.नी आपल्याकडे ‘ती फुलराणी’ केलं. तेव्हापासून भावजींच्या गाडीला मी फुलराणीच म्हणते.

तर ही फुलराणी भावजींनी १९९९ साली दीड हजार डॉलरला विकली. कारण त्याच वर्षी आमची पुतणी जन्मली. जाऊबाई एम.ए. झालेल्या, पण नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या. त्या एच-४ व्हिसावर बायकांना तेव्हा नोकरी करायची परवानगीच नव्हती. (२०१५ साली नियम बदलला, तोही सगळ्यांसाठी नाही.) म्हणजे पगार एक, खाणारी तोंडं तीन आणि गाडीत जागा दोघांना.

पुढे या गाड्यांचे भाव वाढायला लागले आणि भावजींची चुटपुट सुरू झाली. गेल्या दिवाळीत सगळे कोल्हापूरला आले होते. फराळाला पाहुणे जमलेले. नेहमीप्रमाणे विषय निघाला. भावजी म्हणाले, “आज असती तर घराचं कर्ज फिटलं असतं रे!” आमचे हे लगेच, “दादा, तू घाईच केलीस.” तेवढ्यात पुतणी हसत म्हणाली, “म्हणजे बाबा, मी तुम्हाला फारच महागात पडले!”

सगळे हसले. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्या पैशांत आपण चार दारांची जुनी गाडी घेतली. ही तीन महिन्यांची असताना भर बर्फात रात्री दोन वाजता तापाने फणफणली, तेव्हा त्याच गाडीतून हॉस्पिटलात नेली. त्या गाडीचा फोटोसुद्धा नाही आपल्याकडे.” खरंच नव्हता. फुलराणीचे फोटो दोन अल्बम भरून आहेत.

मैत्रिणींनो, मला वाटतं सगळी मेख इथे आहे. आपण गेलेल्या वस्तूची आजची किंमत काढतो, पण ती देऊन त्या वेळी काय मिळालं, ते वहीत मांडतच नाही. दुकानदारसुद्धा जमा आणि खर्च दोन्ही लिहितो. आठवणींच्या वहीत आपण नुसता खर्चच लिहीत जातो. त्यातून घरातल्या कुणाला तरी, बहुतेक वेळा बायकोला किंवा मुलांना, न बोलता सांगितलं जातं, की तुमच्यामुळे माझं नुकसान झालं. बोलणाऱ्याच्या मनात तसं नसतंच. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते बसतं. सव्वीस वर्षांच्या मुलीने ते हसण्यावारी नेलं. दहा वर्षांची असताना तिने काय केलं असेल?

आणि हिशेबच करायचा तर नीट करूया. साडेतीन हजारांच्या गाडीचे तीन लाख झाले, ते एखाद्याच निवडक गाडीचे. जी फारशी चाललीच नाही, छपराखाली झाकून राहिली. भावजींच्या गंजक्या फुलराणीला तेवढा भाव कधीच आला नसता. शिवाय पंचवीस वर्षं ती ठेवायची म्हणजे जागेचं भाडं, विमा, सुटे भाग, रंग. हा पैसा आला असता कुठून? त्याच एका पगारातून. आणि सगळ्यांनीच आपापल्या गाड्या जपून ठेवल्या असत्या, तर त्यांना हा भाव आला असता का? बाकीच्यांच्या भंगारात गेल्या, म्हणूनच उरलेल्या सोन्याच्या झाल्या. ज्यांनी टिकवल्या त्यांच्याकडे मोठी गॅरेजेस होती, अडीनडीला दुसरा पैसा होता. ‘दूरदृष्टी’ असं आपण ज्याला म्हणतो, ती पुष्कळदा फक्त ऐपत असते.

त्या ‘स्वस्ताईच्या सोनेरी दिवसां’बद्दल बोलताना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्या काळात अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्या कमावत्या बाईला स्वतःच्या नावावर कर्ज काढून गाडी घ्यायची म्हटलं, तर नवऱ्याची नाहीतर वडिलांची सही आणा, असं तिला सर्रास सांगितलं जायचं. अमेरिकेत १९७४ साली आणि इंग्लंडमध्ये १९७५ साली कायदे झाले, तेव्हा कुठे हा भेदभाव बेकायदा ठरला. म्हणजे गाड्या स्वस्त होत्या खऱ्या, पण सगळ्यांसाठी नव्हत्या.

आपल्याकडे तर स्पोर्ट्स कार म्हणजे सिनेमात बघायची गोष्ट. परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य आणि देशी गाडी किंवा स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा. साठच्या दशकात मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची. इंग्लंडच्या ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारची ती जवळची बहीण, पण आपल्याकडे आली ती कुटुंबाची गाडी होऊन. आपल्या मध्यमवर्गीय घरांची ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे खरं तर मोटारसायकलच. येझदी, राजदूत ३५०, यामाहा आरएक्स १००. राजदूत ३५० तर १९८३ साली आली, पेट्रोल फार खाते म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि १९९०च्या सुमारास बंद पडली. तेव्हा भंगारच्या भावाने गेलेल्या या गाड्यांना आज हौशी मंडळी लाखांनी पैसे मोजतात. इथेही तेच उसासे!

आमच्या बचत गटात एक ताई आहेत. नवऱ्याची आरएक्स १०० होती. २००४ साली ते अचानक गेले. दोन मुली पदरात. मोठीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला आणि फी भरायची मुदत तोंडावर. ताईंनी गाडी सात हजारांना विकली. कागद नवऱ्याच्या नावावर, वारसाची कागदपत्रं तयार नाहीत, आरटीओत कुणाला काय विचारावं हे ठाऊक नाही. घेणाऱ्याने ते बरोबर ओळखलं आणि भाव पाडला. अडला हरी, दुसरं काय! आता दर गणपतीत दिराचा मुलगा सगळ्यांसमोर ऐकवतो, “काकी, काकांची गाडी तुम्ही फुकापासरी घालवली. आज दीड लाख आलं असतं.” परवा ताईंनी त्याला सुनावलं, “गाडी दारात गंजली असती, न् पोरगी दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेली असती. ती आज सरकारी दवाखान्यात नर्स हाय. तिचा भाव काय लावतोस बोल!”

ताईंचं उत्तर मला फार आवडलं. पण त्यातून एक कामाची गोष्टही सांगायला हवी. गाडी स्वस्तात जाते ती बऱ्याचदा बाईला अक्कल नसते म्हणून नव्हे, कागद तिच्या नावावर नसतात म्हणून. गाडीचा मालक वारला तर वारसाने आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. २०२१पासून तर गाडीच्या आरसीवर आधीच नॉमिनी लावून ठेवायची सोय झाली आहे. बँकेत लावतो तशीच. घरातल्या पुरुषांना गाडीचं प्रेम आहे ना? मग त्यांना म्हणावं, आरसीवर बायकोचं नाव नॉमिनी म्हणून लावा. आठवणी काढत बसण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

एक मात्र मला नेहमी जाणवतं. घराघरांतून तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी, समया मोडीत निघाल्या आणि त्या जागी स्टील आलं. आईच्या शालूची जर वितळवायला गेली. कुणाच्या फीसाठी, कुणाच्या ऑपरेशनसाठी. त्या वस्तूंचे आज काय भाव आहेत हे बायकांना पक्कं ठाऊक आहे. पण दिवाळीच्या फराळाला बसून बायका त्याचा पाढा वाचत नाहीत. वाचला तरी लगेच पुढे म्हणतात, ‘पण त्यातून धाकट्याचं शिक्षण झालं हो!’ वस्तू गेली ती कशासाठी, हे त्यांच्या आठवणीत वस्तूला चिकटूनच असतं. हीच सवय पुरुषांनी उचलावी, एवढंच माझं म्हणणं.

याचा अर्थ जुन्या गाड्यांचं प्रेमच वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आम्ही कोल्हापूरकर! दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार मिरवणुकीत निघते, तेव्हा मीही टाचा उंच करून बघते. उद्यमनगरातले मिस्त्री परदेशी गाडीचा न मिळणारा भाग हाताने घडवून देतात, तेव्हा ऊर भरून येतो. वापरा आणि फेका या दिवसांत एखादी वस्तू पन्नास वर्षं दुरुस्त करून चालवणं ही चांगलीच गोष्ट आहे. सरकारनेही जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये फी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि रोजच्या वापराला मनाई. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर ठेवाव्यात.

ज्यांना परवडलं नाही, त्यांनी मात्र स्वतःला किंवा घरच्यांना दोष देऊ नये. आणि सांगायचीच असेल तर गोष्ट पूर्ण सांगावी. ‘माझ्याकडे एक झकास गाडी होती. ती मी अमुक साली अमुक रुपयांना विकली. त्या पैशांत तुझ्या आईचं बाळंतपण झालं, तुझी फी भरली, आजोबांचा मोतीबिंदू निघाला.’ असं ऐकलेल्या मुलाला वडिलांच्या गाडीचाही अभिमान वाटेल आणि वडिलांचाही. ‘मातीमोल विकली’ म्हणणं सोपं आहे. पण ज्या घरासाठी ती विकली, ते घर काही मातीमोल नव्हतं.

परवा जाऊबाईंचा फोन आला होता. भावजींनी त्या चार दारांच्या गाडीचा एक फोटो कुठल्याशा जुन्या पाकिटातून शोधून काढला आहे म्हणे. तो आता फ्रिजवर लावलाय.

तुमच्याही घरी अशी एखादी ‘आज असती तर…’ असेलच. पुढच्या वेळी विषय निघाला, की एवढंच विचारा, ‘त्या पैशांचं आपण काय केलं होतं हो?’ उत्तर सगळ्यांसमोर येऊ द्या, मुलांसमोर तर जरूरच!